विमानतळाची भांडवली कामं तंत्रज्ञानाने कशी सांभाळायची: सोलापुरातल्या नवख्या इंजिनिअरांसाठी

२९ सप्टेंबर २०२४ ला होटगी रोडवरच्या विमानतळाचं ऑनलाइन उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईचं. तेव्हापासून सिव्हिल, इलेक्ट्रिकल करून बसलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींचा एक प्रश्न सारखा कानावर येतो: विमानतळाच्या कामात शिरायचं तर कुठलं सॉफ्टवेअर शिकू? वेळापत्रकाचं प्रायमावेरा, इमारतींच्या मॉडेलचं रेविट की रस्ते-धावपट्ट्यांच्या डिझाइनचं सिव्हिल थ्रीडी?

शिका, तिन्ही शिका. पण नोकरीच्या पहिल्या महिन्यात तुम्हाला यातलं काहीच विचारणार नाहीत. विचारतील ते हे: परवा रात्री जो पट्टा टाकला, तो नेमका कुठून कुठपर्यंत, कुठल्या आयटममध्ये आणि कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे? याचं उत्तर दोन मिनिटांत देता आलं की सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं. नाही देता आलं, तर ती लायसन्स फी पाण्यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

भांडवली काम म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. धावपट्टीवर नवा डांबरी थर, ॲप्रन म्हणजे विमानं उभी करायची जागा वाढवणं, टर्मिनलला भर, नवी सीमाभिंत, परिमिती रस्ता, अग्निशमन केंद्र, धावपट्टीचे दिवे ही भांडवली कामं. गवत कापणं, दिवा बदलणं, खड्डा बुजवणं ही देखभाल. दोन्हींचा पैसा वेगळ्या बजेट हेडमधून येतो आणि मंजुरीही वेगळी लागते, त्यामुळे दोन्हींच्या नोंदी एका फोल्डरमध्ये कोंबू नका.

पायरी १: कामाच्या प्रत्येक तुकड्याला एकच खूण

काम हातात आलं की पहिल्या आठवड्यात बीओक्यू म्हणजे कामाच्या आयटमांची आणि परिमाणांची यादी घेऊन बसा आणि कामाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला तीन गोष्टी मिळून होणारी एक खूण द्या: जागा, आयटम नंबर, चेनेज म्हणजे एका टोकापासूनचं मीटरमधलं अंतर. धावपट्टी असेल तर चेनेज एकाच टोकापासून मोजा आणि कोणत्या टोकापासून ते पहिल्याच पानावर लिहा. सोलापूरच्या धावपट्टीची टोकं १५ आणि ३३ अशी आहेत. एकाने १५ कडून मोजलं आणि दुसऱ्याने ३३ कडून, तर त्या दोन वह्या आयुष्यात जुळत नाहीत.

समजा तुमची खूण आहे ‘धाप-१२-०६००-०६६०’. म्हणजे धावपट्टी, आयटम १२, ६०० ते ६६० मीटर. आता हीच खूण वेळापत्रकात, ड्रॉइंगच्या यादीत, फोटोच्या नावात, लॅबच्या रिपोर्टवर, मापन पुस्तकात म्हणजे एमबीत आणि बिलाच्या ओळीत, अगदी तशीच्या तशी. मध्ये कुणी स्वतःची अक्कल चालवून ‘रनवे डावी बाजू नवीन फायनल २’ असं नाव ठेवलं की साखळी तुटली. यासाठी महागडं काही लागत नाही. साधं एक्सेल पुरतं. फक्त खुणांचा तक्ता एकाच माणसाच्या ताब्यात हवा, आणि बाकीच्यांनी त्यातून निवडायचं, नवीन टाइप करायचं नाही.

पायरी २: नकाशा पक्का करा, उंचीचा आधार तपासा

विमानतळाचं सगळं मोजमाप डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक चौकटीत द्यावं लागतं. आता भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स म्हणजे सतत चालू असलेल्या जीपीएस स्थानकांचं जाळं असल्यामुळे आरटीके रोव्हर (त्या स्थानकांकडून दुरुस्ती घेणारं हातातलं जीपीएस यंत्र) घेऊन काही सेंटिमीटरच्या अचूकतेने बिंदू मिळतात. इथवर सोपं आहे. गोची होते उंचीत. जीपीएस यंत्र मुळात जी उंची देतं ती एका गणिती लंबगोलावरून मोजलेली असते. ड्रॉइंगमधली उंची समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात या दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. एवढा मोठा फरक लगेच लक्षात येतो म्हणून तो धोक्याचा नाही. धोका आहे तो यंत्रात वेगळं जिऑइड मॉडेल (या दोन उंचींतला फरक सांगणारं गणित) निवडलं गेल्यावर पडणाऱ्या थोड्याशा फरकाचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि डांबराच्या थराच्या जाडीत जाऊन बसतो. म्हणून सर्व्हे सुरू करताना आणि संपवताना, दोन्ही वेळा विमानतळाच्या पक्क्या बेंचमार्कवर म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवर रोव्हर टेकवा आणि दोन्ही आकडे नोंदवा. थराच्या लेव्हल्स तर ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशननेच घ्या.

नकाशा ठेवायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरपूर पुरतं. धावपट्टी, गटारं, केबलचे मार्ग, जुनी बांधकामं, प्रत्येकाचा वेगळा थर. केबलच्या थरासाठी दोन दिवस जास्त द्या. जेसीबीचा दात जमिनीखालच्या केबलला लागला की धावपट्टीचे दिवे जातात आणि मग तुमचा फोन वाजायचा थांबत नाही.

ड्रोनचा मोह सगळ्यांना होतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेला आहे, आणि तो डिजिटल स्काय पोर्टलवर दिसतो. विमानतळ लाल पट्ट्यात येतो, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राला ‘पाच मिनिटं ये रे’ म्हणून बोलावणं हा गुन्हा आहे.

उंचीचा दुसरा भाग कुंपणाबाहेरचा. सोलापूरकरांना तो शिकवायची गरज नाही; विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, तेव्हा सगळ्या गावाने तो धडा बघितला. विमानाच्या उतरण्या-चढण्याच्या मार्गाखाली काल्पनिक उतरते पृष्ठभाग असतात, ते कुंपणापलीकडे कित्येक किलोमीटर जातात आणि त्यांना काही भोसकता कामा नये. त्यासाठी २०१५ चे उंचीचे नियम आहेत, रंगांच्या पट्ट्यांचा नकाशा आहे, आणि ना-हरकत दाखल्यासाठी विमानतळ प्राधिकरणाची नोकास ही ऑनलाइन सोय आहे. नवख्यांच्या लक्षात येत नाही ते हे की तुमच्या साइटवरची क्रेनसुद्धा अडथळाच. टर्मिनलच्या छतासाठी क्रेन आणायची तर बूम पूर्ण ताणल्यावरची उंची विमानतळाच्या अधिकाऱ्यांना आधी कळवून मंजूर करून घ्यावी लागते. क्रेनवाल्याच्या कोटेशनमध्ये ती उंची असते, ती उचलून तुमच्या नकाशात टाका.

पायरी ३: ड्रॉइंग एकाच जागी

“हा चेंबर इथं कसा आला?”
“ड्रॉइंगात आहे की साहेब.”
“कुठल्या ड्रॉइंगात?”
“ग्रुपवर आलतं ते.”

हा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही साइटवर ऐकायला मिळेल. व्हॉट्सॲप निरोपासाठी उत्तम आहे, ड्रॉइंगसाठी घातक. तिथे जुनं ड्रॉइंग मरत नाही, वर सरकतं एवढंच.

एक सामाईक फोल्डर करा, कंपनीचं असेल ते. आयएसओ १९६५० या मानकात ड्रॉइंगच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: तयार होत असलेलं, तपासणीसाठी वाटलेलं, मंजूर आणि संग्रहात गेलेलं. तेवढेच चार फोल्डर ठेवा. साइटवरच्या लोकांना फक्त ‘मंजूर’ दिसेल अशी सोय करा. कागदावर छापलेल्या प्रत्येक प्रतीवर क्यूआर कोड चिकटवा. मुकादमाने मोबाईलने तो उघडला की हीच शेवटची आवृत्ती आहे की नाही ते कळलं पाहिजे.

बीआयएम मॉडेलबद्दल, म्हणजे इमारतीच्या सगळ्या भागांची माहिती असलेल्या थ्रीडी मॉडेलबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. टर्मिनलसाठी ते हवंच, कारण छताच्या वर एसीचे डक्ट, पाण्याचे पाइप, आगीचे स्प्रिंकलर आणि केबल ट्रे एकमेकांच्या उरावर बसतात, आणि ते भांडण स्क्रीनवर मिटलेलं स्वस्त पडतं. सीमाभिंतीसाठी थ्रीडी मॉडेल करणं म्हणजे प्रेझेंटेशनची हौस.

पायरी ४: वेळापत्रक, आणि त्यातल्या न दिसणाऱ्या तारखा

कॉलेजात शिकवलेलं वेळापत्रक खोदकामाने सुरू होतं आणि रंगाने संपतं. चालू विमानतळावर कामाचा वेग ठरवणाऱ्या तारखा बहुतेक वेळा कागदावरच्या असतात.

सगळ्यात महत्त्वाची तारीख एअरॅकची, म्हणजे विमानतळांच्या माहितीतले बदल जगभर एकाच दिवशी लागू करायच्या वेळापत्रकाची. धावपट्टीची जाहीर लांबी बदलली, थ्रेशोल्ड म्हणजे उतरण्यासाठीच्या भागाची सुरुवात सरकली, धावपट्टीला जोडणारा नवा टॅक्सीवे सुरू झाला, तर हा कायमचा बदल जगभरच्या वैमानिकांच्या नकाशात जावा लागतो. तो जातो दर २८ दिवसांनी येणाऱ्या ठरलेल्या तारखांनाच. माहिती त्या तारखेच्या किमान २८ दिवस आधी वापरणाऱ्यांच्या हातात पोचली पाहिजे, मोठ्या बदलांसाठी ५६ दिवसांची पूर्वसूचना अपेक्षित असते, आणि छापणाऱ्या विभागाला ती त्याच्याही बरीच आधी लागते. म्हणजे वाढवलेला भाग मार्चमध्ये सुकून, रंगून तयार असला तरी कागद वेळेवर गेले नसतील तर विमान त्याच्यावर चाक ठेवणार नाही. म्हणून प्रायमावेरात किंवा एमएस प्रोजेक्टमध्ये एअरॅकच्या पुढच्या वर्षभराच्या तारखा माइलस्टोन म्हणून आधीच टाका आणि मागे मोजत या.

तात्पुरत्या बदलासाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, असतो. तो तुम्ही काढत नाही, विमानतळ काढतो. पण त्यासाठीची माहिती तुम्हीच देता: कुठला भाग, किती ते किती वाजेपर्यंत, किती उंचीची यंत्रं. या माहितीचा एक ठरावीक फॉर्म बनवून ठेवा, म्हणजे दर वेळी ईमेलवर नवीन निबंध लिहावा लागत नाही.

मग वॉच अवर्स. लहान विमानतळावर दिवसातले ठरावीक तासच हवाई वाहतूक नियंत्रण चालू असतं. धावपट्टीवरचं काम बाकीच्या तासांत. कागदावर नऊ तास मोकळे दिसतात, पण त्यातून गेटवरची तपासणी, यंत्रं आत नेणं, आणि शेवटी झाडून-पुसून, दिवा-बत्ती बघून, तपासणी करून धावपट्टी परत देणं वजा करा. हातात सहा-साडेसहा तास उरले तरी नशीब समजा. वेळापत्रकात उत्पादनाचा दर या उरलेल्या तासांवर धरा. नऊ तासांवर धरलेलं वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यातच लाल होतं. झाडणं हा विनोद नाही. एखादा सुटा बोल्ट किंवा खडीचा तुकडा इंजिनात गेला तर काय होतं ते सांगायला नको. धावपट्टी परत देण्याची यादी मोबाईलवर ठेवा, आणि प्रत्येक ओळीपुढे टिक, वेळ व फोटो असल्याशिवाय ती बंदच होणार नाही अशी करा.

यात आपल्याकडचं पंचांगही घाला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, तेव्हा स्थानिक माणूसबळ हमखास कमी. आषाढीला पंढरपूरकडच्या रस्त्यांवर जड वाहनांना बंदी आणि वळणं, म्हणजे खडीचे हायवा डंपर उशिरा. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, आणि काळी माती एकदा भिजली की तिच्यात यंत्र घालणं म्हणजे ते अडकवणं. भरावाचं काम त्याच्या आत उरका. एप्रिल-मेचं ऊन डांबराला मानवतं, काँक्रीटला नाही. काँक्रीट तेव्हा रात्री ओता आणि क्युरिंगची नोंद तासागणिक ठेवा. पुण्या-मुंबईच्या सल्लागाराने पाठवलेल्या वेळापत्रकात यातलं एकही नसतं. ते तुम्हीच भरायचं.

पायरी ५: रात्रीची नोंद, सकाळचा हिशेब

इथे थोडं थांबू, कारण पैसे इथूनच निघतात.

समजा आज रात्री ६०० ते ६६० चेनेजवर ७.५ मीटर रुंदीचा, ५० मिलिमीटर जाडीचा डांबरी थर टाकायचा आहे. ६० गुणिले ७.५ गुणिले ०.०५, म्हणजे २२.५ घनमीटर. दाबलेल्या मिश्रणाची घनता २.३५ धरली तर साधारण ५३ टन. म्हणजे प्लँटच्या वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज याच्या जवळपास आली पाहिजे. ६० टन आली तर थर जाड पडला, माल वाया गेला किंवा रुंदी वाढली. ४६ आली तर आणखी वाईट, थर पातळ आहे. हा ताळा सकाळी चहाच्या आधी करायचा, महिन्याच्या शेवटी बिल करताना नाही.

तापमान दर गाडीचं घ्या. व्हीजी-३० या प्रतीचं डांबर असेल तर रस्त्यांच्या केंद्रीय विनिर्देशात पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग ९० अंशांच्या वर असताना, असं आहे. विमानतळाच्या टेंडरमध्ये वेगळं दिलं असेल तर ते पाळा. थर्मामीटरचा आकडा आणि गाडीचा नंबर एकाच फोटोत आले पाहिजेत. नुसत्या थर्मामीटरचा फोटो कुठल्याही रात्रीचा असू शकतो.

फोटोंसाठी आपल्याकडे सगळे जीपीएस छापणारा कॅमेरा ॲप वापरतात. चांगलं आहे. पण चेनेज लिहिलेली पाटी फोटोत धराच. धावपट्टीवर शंभर मीटर पुढे-मागे सगळं सारखंच दिसतं, आणि मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज हुकतं. आणखी एक गोष्ट: विमानतळाच्या आतल्या भागात फोटोला परवानगी लागते. कुठला मोबाईल, कुणाच्या नावावर, ते लिहून घ्या. फोटो स्वतःच्या खात्यावर चढवू नका आणि रील तर मुळीच बनवू नका. प्रवेशपत्र रद्द झालं की तुमची नोकरी गेटबाहेरच्या टपरीवर.

एमबीत नोंद करताना खूण तीच, माप तेच. एमबी संगणकीय असो की हिरव्या कापडाच्या बांधणीची, तिचा कायदेशीर वजनदारपणा सारखाच आहे. दोन्ही बाजूंच्या सह्या त्याच आठवड्यात घ्या. माप झाकलं जाणारं असेल, म्हणजे भरावाखालचा पाइप किंवा पायातली सळई, तर झाकायच्या आधी. ते राहिलं की उरतो नुसता वाद.

पायरी ६: अडथळ्यांची नोंदवही

कामाला उशीर होणार, हे धरून चाला. प्रश्न असतो उशीर कुणाच्या खात्यावर. त्याचं उत्तर अडथळा नोंदवहीत असतं. नोंद अशी हवी:

‘१२ तारीख, रात्री १०.४० ते १.१५. धाप-१२-०६००-०६६०. उशिरा आलेल्या विमानामुळे धावपट्टी २ तास ३५ मिनिटे मिळाली नाही. पेव्हर १, रोलर २ आणि १८ माणसे थांबून. प्लँटवर मिश्रण थांबवण्याचा निरोप १०.५० ला दिला.’

‘विमान लेट झाल्याने काम बंद’ एवढंच लिहिलं तर मुदतवाढ मागताना त्याला कवडीची किंमत नाही. ऑनलाइन फॉर्म करा, म्हणजे नोंद केलेली वेळ आपोआप पडते आणि नंतर कुणी हात लावला तर तेही दिसतं. दुसऱ्या पक्षाची सही किंवा ईमेलवरचं ‘पाहिले’ दोन-तीन दिवसांत मिळवा. विमानतळाची माणसं अडवत नाहीत, फक्त त्यांना आठ महिन्यांनी आठवायला लावू नका. या नोंदी वेळापत्रकातल्या त्याच खुणेला जोडल्या की कुठला उशीर शेवटची तारीख ढकलतो आणि कुठला नुसता मोकळ्या वेळेत जिरतो, हे सॉफ्टवेअर दाखवतं. महागड्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

पायरी ७: डॅशबोर्ड

वरिष्ठांना रंगीत चकत्या आवडतात, द्या. पण तीन आकडे पुरतात: किती काम व्हायला हवं होतं, किती झालं, कितीचं बिल मंजूर झालं. झालेलं काम आणि मंजूर बिल यात दरी वाढत गेली तर बहुतेक वेळा दोष पैशांच्या टंचाईचा नसतो; एमबी मागे पडलेली असते किंवा जादा आयटमचा दर ठरलेला नसतो. जादा आयटम निघाला की त्याच दिवशी पत्र.

पायरी ८: हस्तांतर

काम संपताना सगळे दमलेले असतात आणि नेमकं तेव्हाच कागद सर्वात जास्त लागतात. जसं बांधलं तसं दाखवणारी ड्रॉइंग्ज, लेव्हल्सचा सर्व्हे, लॅबचे रिपोर्ट, दिव्यांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, पंप-जनरेटरच्या पुस्तिका. पापीचे दिवे (उतरणाऱ्या वैमानिकाला उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे) नवे बसवले असतील तर विमानातून त्यांची तपासणी होते; तिची तारीख तुमच्या हातात नसते, म्हणून ती मागणी लवकर करा. डांबरी थर नवा असेल तर फरसबंदीच्या ताकदीचा आकडाही नव्याने द्यावा लागतो. २८ नोव्हेंबर २०२४ पासून जुन्या पीसीएनच्या जागी पीसीआर ही पद्धत आली आहे; जुन्या रिपोर्टचा साचा कॉपी करणाऱ्यांची इथे हमखास फजिती होते.

सुरुवातीपासून खुणा सांभाळल्या असतील तर हे सगळं गोळा करायला चार दिवस लागतात. नसतील तर निवृत्त झालेल्या सुपरवायझरच्या घरी अक्कलकोटला जाऊन जुनी डायरी शोधावी लागते.

त्यानंतर दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ, सुरू होतो. तो किती आहे ते करारात बघा, आणि तुमच्या कॅलेंडरात दोन आठवणी आजच लावा: तो काळ संपण्याच्या दोन महिने आधी संयुक्त पाहणी, आणि बँक हमीची मुदत संपण्याच्या एक महिना आधी नूतनीकरण. ही दुसरी आठवण स्वतःच्या मोबाईलवर न लावता ऑफिसच्या सामाईक खात्यावर लावा, कारण तोवर तुमची बदली झालेली असेल.